दिवाळीनंतर आई-बाबांसह शिमला : मुक्काम कुठे करावा आणि काय पाहावे?

प्रश्न : डोंबिवलीकर

नमस्कार. दिवाळीचे पाहुणे-रावळे आटोपले की नोव्हेंबरच्या मध्यास आई-बाबांना घेऊन शिमल्याला जाण्याचा विचार आहे. बाबा शाळेत इतिहास शिकवत असत, त्यामुळे व्हाइसरॉयचा प्रासाद, जुन्या सरकारी इमारती आणि काल्का-शिमला रेल्वे हे सारे त्यांना निवांतपणे पाहायचे आहे; बर्फाची त्यांना मुळीच हौस नाही. आईच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. सपाटीवर ती अर्धा-पाऊण तास सहज चालते, परंतु पायऱ्या, विशेषतः उतरताना, तिला जड जातात.

एका प्रवासी कंपनीने पाठवलेल्या कार्यक्रमात शिमल्याला दोन रात्री आहेत, त्यांतला एक अख्खा दिवस कुफ्रीला दिलेला आहे आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मनालीकडे प्रस्थान आहे. खुद्द शिमला शहराच्या वाट्याला ‘सायंकाळी मॉल रोडवर मोकळा वेळ’ एवढी एकच ओळ आली आहे. ती वाचून बाबांनी कागद घडी करून परत दिला आणि काही बोलले नाहीत. आमच्या हाताशी हिमाचलात एकूण पाच रात्री आहेत. मनाली वगळून सगळा वेळ शिमल्यालाच द्यावा काय? आईला काल्क्यापासून छोट्या गाडीचा पूर्ण प्रवास झेपेल काय? आणि राहण्याची जागा निवडताना नेमके काय विचारावे? ज्यांनी वडीलधाऱ्यांसोबत हा प्रवास केला आहे, त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर : चंडीगडवासी

मनाली निःशंकपणे वगळा. शिमला ते मनाली हा घाटरस्त्याचा पूर्ण दिवसाचा प्रवास आहे आणि परतताना पुन्हा तेवढाच दिवस जातो. म्हणजे पाच रात्रींपैकी दोन दिवस गाडीच्या खिडकीतच संपतात. शस्त्रक्रिया झालेला गुडघा दुमडून आठ-नऊ तास बसणे हे चालण्यापेक्षा अधिक त्रासाचे असते.

आता राहण्याच्या जागेविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडून जाणारी बहुतेक कुटुंबे इथेच फसतात. शिमला एका डोंगराच्या कण्यावर पूर्व-पश्चिम पसरलेले आहे. पश्चिम टोकाला ऑब्झर्व्हेटरी हिलवर व्हाइसरॉयचा प्रासाद, तिथून पूर्वेकडे येताना चौडा मैदान, पुढे मॉल, स्कँडल पॉइंट, रिजचे मोकळे पटांगण आणि ख्राइस्ट चर्च, त्यापलीकडे लक्कड बाजार आणि या सगळ्यांच्या डोक्यावर जाखूची टेकडी. या कण्याच्या दिशेने चालत राहिल्यास रस्ता पुष्कळसा समतल लागतो. कणा सोडून खाली उतरू लागले की मात्र मॉलखाली मिडल बाजार, त्याखाली लोअर बाजार आणि सर्वांत खाली मोटारींचा कार्ट रोड अशी उतरंड आहे, आणि या थरांना जोडणाऱ्या वाटा म्हणजे बहुतांशी पायऱ्याच आहेत. मॉलवर सामान्य वाहनांना बंदी आहे. त्यामुळे ‘मॉलपासून दोनशे मीटर’ असे जाहिरातीत लिहिलेले हॉटेल प्रत्यक्षात मॉलच्या दोनशे मीटर खाली, शे-दीडशे पायऱ्यांच्या तळाशी असू शकते. लिहिणारा खोटे बोलत नाही. अंतर आडवे की उभे, एवढेच तो सांगत नाही.

म्हणून आरक्षणापूर्वी फोन करून दोनच गोष्टी विचाराव्यात. गाडी हॉटेलच्या नेमकी कुठपर्यंत येते, आणि गाडीतून उतरल्यापासून खोलीच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत. दुसऱ्या प्रश्नात ‘खोलीच्या दारापर्यंत’ हे शब्द सोडू नका, कारण उतारावरच्या इमारतीत स्वागतकक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर आणि खोल्या त्याच्या खाली असतात, आणि लिफ्ट असेलच असे नाही. ‘बस थोडीसी सीढ़ियाँ हैं’ असे उत्तर आले तर ते हॉटेल आपले नव्हे असे समजावे.

माझ्या मते तुम्ही चौडा मैदान परिसरात राहावे. तिथे गाडी पोहोचते, रस्ता रुंद आहे, राज्य संग्रहालय आणि प्रासाद तिथून जवळ आहेत, आणि मॉल दोनेक किलोमीटरवर असल्याने गर्दीचा गोंगाट नसतो. कार्ट रोडवरून मॉलवर जाण्यासाठी पर्यटन महामंडळाची सार्वजनिक लिफ्ट आहे. ती दोन टप्प्यांत वर नेते, मधल्या पुलावर थोडे चालावे लागते आणि सुट्टीच्या दिवशी रांग असते. तरी आईसाठी तिचाच उपयोग करावा. सामान उचलण्यासाठी तिथे पाठीवर दोर बांधलेले काश्मिरी हमाल भेटतात, ज्यांना गावात सगळे ‘खान’ म्हणतात. ओझे उचलण्यापूर्वी दर ठरवून घ्यावा आणि मग घासाघीस करू नये. दोन बॅगा कपाळपट्टीवर तोलून तो माणूस ज्या चढावर न थांबता जातो, तिथे आपण रिकाम्या हाताने धापा टाकत असतो.

उत्तर : जुनी दप्तरे

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. तुमच्या वडिलांना काय दाखवावे, याविषयी थोडे लिहितो.

सर जॉन लॉरेन्स यांच्या कारकिर्दीत, १८६४ साली, शिमल्याला उन्हाळी राजधानीचा दर्जा मिळाला. तिथून पुढे दरवर्षी सरकार कलकत्त्याहून दप्तरे, कारकून आणि कुटुंबकबिल्यासह या डोंगरावर चढत असे, आणि १९०३ साली रेल्वे येईपर्यंत काल्क्यापासूनचा शेवटचा टप्पा टांग्यांतून व बैलगाड्यांतून होत असे. वर्षातला अर्ध्याहून अधिक काळ एवढ्या मोठ्या मुलखाचा कारभार या अरुंद कण्यावरून चालत होता. १९२१ साली गांधीजी शिमल्याला आले, तेव्हा त्यांनी या व्यवस्थेला पाचशेव्या मजल्यावरून चालणारे सरकार म्हटले होते. गावात एक दिवस हिंडल्यावर ती उपमा किती शब्दशः लागू पडते, ते गुडघ्यांनाही कळते. मॉलवरील वाहनबंदीही आजची नव्हे. इंग्रजी अमदानीत घोडागाडीतून फिरण्याचा मान व्हाइसरॉय, सरसेनापती आणि पंजाबचा गव्हर्नर या तिघांनाच होता. बाकीचे घोड्यावरून, पायी किंवा माणसांनी ओढलेल्या रिक्षांतून जात.

प्रासादाला किमान अर्धा दिवस द्यावा. हेन्री अर्विन या वास्तुविशारदाने तो बांधला, आणि १८८८ च्या जुलैमध्ये लॉर्ड डफरिन तिथे राहायला आले. पुढे म्हैसूरचा अंबाविलास राजवाडाही याच अर्विनने रचला. तो तुम्ही पाहिला असेल तर दोन्हींतला फरक बाबांना नक्की गमतीचा वाटेल, कारण तिथला झगमगाट इथे औषधालाही नाही. बाहेरून करडा दगड, आत ब्रह्मदेशी सागवान, देवदार आणि अक्रोडाचे लाकूडकाम, आणि मधल्या दालनाभोवती तीन मजले वर जाणारे सज्जे. विजेचे दिवे या इमारतीत पहिल्यापासून होते. जून-जुलै १९४५ ची शिमला परिषद, जिच्यात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मुसलमान सदस्य कोणी नेमायचे या प्रश्नावर बोलणी फिसकटली, ती इथेच झाली. मे १९४७ मध्ये माउंटबॅटन यांनी सत्तांतराच्या योजनेचा आराखडा नेहरूंना दाखवला तोही याच वास्तूत, आणि नेहरूंच्या तीव्र विरोधानंतर व्ही. पी. मेनन यांनी काही तासांत नवा मसुदा तयार केला तोही शिमल्यातच. स्वातंत्र्यानंतर प्रासाद राष्ट्रपतींकडे आला. राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी तो विद्याभ्यासासाठी द्यावा असे ठरवले आणि १९६५ साली भारतीय उच्च अध्ययन संस्था तिथे सुरू झाली. आजही आत विद्वान मंडळी काम करतात, त्यामुळे मोजकीच दालने, तीही मार्गदर्शकासोबत तिकीट काढून, पाहता येतात. मार्गदर्शक भराभर पुढे सरकतात. बाबांना सांगा, जुन्या छायाचित्रांच्या दालनात त्यांनी गटाच्या शेवटी राहावे.

चौडा मैदानाजवळच्या दोन वास्तूंकडे पर्यटक सहसा फिरकत नाहीत. एक म्हणजे हल्लीची विधानसभा. मध्यवर्ती विधिमंडळासाठी ही इमारत १९२५ साली उघडली, आणि त्याच ऑगस्टमध्ये तिथे मुंबईचे विठ्ठलभाई पटेल मंडळाचे पहिले निर्वाचित भारतीय अध्यक्ष झाले. दुसरी वास्तू पीटरहॉफ. नवा प्रासाद होण्यापूर्वी व्हाइसरॉय तिथे राहत. फाळणीनंतर लाहोरचे उच्च न्यायालय तिकडेच राहिले आणि पूर्व पंजाबचे उच्च न्यायालय पीटरहॉफमध्ये बसू लागले. गांधीहत्येच्या खटल्यातील अपिलांची सुनावणी १९४९ साली तिथेच झाली आणि नथुराम गोडसेने तिथे स्वतःची बाजू स्वतः मांडली. महाराष्ट्रातल्या वाचकाला त्या खटल्याचा तपशील ठाऊक असतो, दिल्लीचा लाल किल्लाही ठाऊक असतो, पण दुसरा अंक शिमल्यात झाला हे सहसा लक्षात नसते. पुढे पीटरहॉफ हिमाचलचे राजभवन झाले, १९८१ च्या जानेवारीत ते आगीत जळाले आणि राज्यपालांचे निवासस्थान बार्न्स कोर्टमध्ये हलले, जिथे १९७२ च्या जुलैमध्ये इंदिरा गांधी आणि भुट्टो यांनी शिमला करारावर सह्या केल्या होत्या. पीटरहॉफच्या जागी आज सरकारी हॉटेल उभे आहे. इमारत नवी असली, तरी समोरच्या हिरवळीवर बसून चहा घेण्यास हरकत नाही.

जाखूच्या उतारावर ॲलन ह्यूम यांचे रॉथनी कासल आहे. ही खासगी मालमत्ता असल्याने आत जाता येत नाही. काँग्रेसचे पहिले अधिवेशन डिसेंबर १८८५ मध्ये पुण्याला भरायचे होते, आणि तिथे पटकीची साथ आल्यामुळे ते ऐनवेळी मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवावे लागले, ही गोष्ट बाबांनी वर्गात अनेकदा सांगितली असेल. ते अधिवेशन घडवून आणणारे ह्यूम या टेकडीवर राहत आणि पक्ष्यांचे हजारो नमुने याच घरात जमवून ठेवीत.

उत्तर : रूळ आणि स्लीपर

रेल्वेविषयी मी लिहितो. काल्का समुद्रसपाटीपासून ६५६ मीटरवर आहे आणि शिमला २,०७६ मीटरवर. ९६ किलोमीटरच्या या मार्गावर शंभराहून अधिक बोगदे, आठशेच्या वर लहानमोठे पूल आणि नऊशेच्या वर वळणे आहेत. दातेरी रूळ कुठेही नाही. सगळा चढ वळणे घेत घेतच साधला आहे. ज्यांनी नेरळ-माथेरान गाडी पाहिली आहे, त्यांनी तिच्याहून थोडी रुंद आणि पुष्कळ लांब अशी ही गाडी डोळ्यांसमोर आणावी. माथेरानचा मार्ग ६१० मिलिमीटरचा आहे, हा ७६२ मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या जुन्या बार्शी लाइट रेल्वेच्याच मापाचा. आरंभी हाही मार्ग माथेरानच्या मापाचाच ठरला होता. लष्कराला डोंगरी मार्गांसाठी एकच माप हवे असल्याने काम सुरू झाल्यानंतर ते बदलावे लागले. २००८ साली युनेस्कोने हा मार्ग जागतिक वारशाच्या यादीत घेतला.

आईंना पूर्ण प्रवास झेपेल का? गाडीला पाच-साडेपाच तास लागतात आणि कधी अधिकही. सामान्य डब्यांतली बाके अरुंद असतात, समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागतात आणि मोठ्या बॅगा ठेवायला जागाच नसते. शिवालिक डिलक्ससारख्या गाडीची आसने पुष्कळ बरी आहेत. तिचे आरक्षण मिळाल्यास पूर्ण प्रवास करावा, न मिळाल्यास मी असे सुचवेन की मोठे सामान भाड्याच्या मोटारीतून पुढे पाठवावे आणि सर्वांनी गाडीने वाटेतल्या बडोग स्थानकापर्यंत यावे. आईंना थकवा वाटला तर तिथे उतरून त्यांच्यासोबत एकाने मोटारीने पुढे जावे. बडोगचा बोगदा ११४३ मीटर लांब, या मार्गावरचा सर्वांत मोठा. त्यातून बाहेर पडताच स्थानक लागते आणि गाडी तिथे न्याहारीपुरती थांबते. या नावाचा इंग्रज अभियंता दोन्ही बाजूंनी खणलेले बोगदे जुळवू शकला नाही, सरकारने त्याला एक रुपया दंड केला आणि अपमान सहन न होऊन त्याने जीव दिला, अशी कथा तिथे प्रत्येक जण सांगतो. पुढे भलकू नावाच्या एका स्थानिक साधूने काठीने डोंगर ठोकत नव्या बोगद्याची दिशा दाखवली, असाही त्या कथेचा उत्तरार्ध आहे. इतिहासाच्या शिक्षकाने तिच्यावर किती विश्वास ठेवावा हे मी सांगत नाही. पण शिमल्यातल्या रेल्वे संग्रहालयाला बाबा भलकूचेच नाव दिले आहे. बडोगनंतर कनोहजवळचा चार मजली कमानींचा दगडी पूल चुकवू नये.

आरक्षण सध्या साठ दिवस आधी उघडते. दिवाळीच्या हंगामात चांगल्या गाडीची आसने फार काळ शिल्लक राहत नाहीत, म्हणून हॉटेलच्या आधी हे तिकीट काढावे आणि बाकीचा कार्यक्रम त्याभोवती बसवावा. मुंबईहून चंडीगडला विमानाने येऊन ती रात्र काल्क्याजवळ काढणे सोयीचे पडते. पहाटे मुंबई सोडून त्याच दिवशी छोटी गाडी गाठण्याचा खटाटोप वडीलधाऱ्यांसोबत करू नये.

उत्तर : अनघा, पुणे

मी सासू-सासऱ्यांना घेऊन गेले होते. कुफ्री वगळलीत तर काहीही बिघडणार नाही. तिथे वर जाण्यासाठी घोड्यावर बसवतात, वाट चिखल आणि लिदीची असते, आणि शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याने रिकिबीत पाय अडकवणे हा नसता धोका आहे. त्याऐवजी मशोब्र्याजवळचे राष्ट्रपती निवास पाहावे. १८५० साली बांधलेली ही लाकडी चौकटीची वास्तू २०२३ पासून सर्वसामान्यांना खुली झाली आहे. संकेतस्थळावर आधी नोंदणी करून जावे.

छोट्या गाडीबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. चढताना मोटारीने जावे आणि परतताना गाडीने उतरावे. पहिल्याच दिवशी विमान, रात्रीचा मुक्काम आणि पहाटे उठून पाच तासांची गाडी अशी ओढाताण झाली की पुढचा दिवस झोपण्यात जातो. शिवाय परतीला खरेदी सोडली तर डोक्यावर कसलीच घाई नसते.

उत्तर : रूळ आणि स्लीपर

अनघाताईंचा मुद्दा थकव्यापुरता मान्य आहे. पण उतरताना सूर्य लवकर मावळतो हे विसरू नये. नोव्हेंबरच्या मध्यास शिमल्यात साडेपाचच्या सुमारास अंधारू लागते, आणि दुपारनंतरची गाडी घेतली तर अर्धा मार्ग काचेत स्वतःचा चेहरा पाहण्यात जाईल. उतरायचेच असेल तर शिमल्याहून सकाळची गाडी घ्यावी.

प्रश्नकर्ता : डोंबिवलीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाबांना हे सारे वाचून दाखवले. पीटरहॉफविषयी ऐकल्यावर त्यांनी कपाटातून जुनी वही काढली आहे, यावरून काय ते समजावे. मनाली आणि कुफ्री दोन्ही रद्द केले आहे. पहिली रात्र काल्क्याजवळ, पुढच्या चार रात्री चौडा मैदानात, आणि गाडी चढतानाच घ्यायची असे ठरले आहे. आता तीन शंका उरल्या आहेत. आईला जाखूच्या हनुमानाचे दर्शन घ्यायचे आहे, ते कसे जमवावे? थंडी कितपत असेल? आणि आम्ही रविवारी दुपारी शिमल्यात पोहोचतो, तर सोमवारी सकाळीच प्रासाद पाहावा काय?

उत्तर : चंडीगडवासी

सोमवारी प्रासाद बंद असतो आणि राज्य संग्रहालयही बंद असते, म्हणून सोमवार रिज, चर्च, गेइटी थिएटर आणि जाखू यांना द्यावा. गेइटी १८८७ सालचे, अर्विनच्याच हातचे आहे. दुरुस्तीनंतर ते २००९ साली पुन्हा उघडले, आणि तालीम चालू नसेल तर आत पाहू देतात. रिजवर उभे असताना बाबांना सांगावे की पायाखाली ब्रिटिशकाळापासूनची पाण्याची भलीमोठी टाकी आहे. या गावाची पाण्याची ओढ जुनी आहे आणि २०१८ च्या उन्हाळ्यात तर नळांना कित्येक दिवस पाणी नव्हते, तेव्हा हॉटेलात गरम पाण्याची वेळ विचारून घेतलेली बरी.

जाखूला पायी चढ उभा आहे, तो आईंनी करू नये. रिजजवळून रोपवे आहे, आणि वर मोठ्या मूर्तीपर्यंत जाण्यासाठी सरकते जिनेही बसवले आहेत. त्या दिवशी ते चालू आहेत की नाहीत एवढे खाली तिकीट खिडकीवर विचारावे. मंदिरापाशी माकडे चष्मा पळवतात, आणि ही अतिशयोक्ती नव्हे. माकड मागून खांद्यावर उडी घेते, दोन बोटांनी काडी धरून चष्मा ओढते आणि कठड्यावर बसून काच चघळू लागते. मग कोणीतरी प्रसादाची पुडी फेकतो आणि तुमचा चष्मा परत मिळवून देण्याचे पैसे मागतो. तिघांचेही चष्मे रोपवेतून उतरण्यापूर्वीच आतल्या खिशात ठेवावेत आणि आईंचा हात एकाने धरून चालावे. प्रसाद पिशवीत दिसेल असा नेऊ नये.

थंडी दिवसा उन्हात सुखद असते, तापमान पंधरा अंशांच्या आसपास राहते. पहाटे ते सात-आठ अंशांपर्यंत उतरते. जाड एकच कोट नेण्यापेक्षा आत लोकरी बनियन, वर स्वेटर आणि त्यावर वारा अडवणारे जाकीट असे थर ठेवावेत, आणि आईंसाठी गुडघ्याचे लोकरी पट्टे न्यावेत. खाण्यासाठी लोअर बाजारात उतरण्याची आवश्यकता नाही, मॉलवरच्या कॉफी हाउसात साधे आणि गरम मिळते. सिड्डू मात्र एकदा अवश्य मागवावे. आंबवलेल्या कणकेत खसखस-अक्रोडाचे किंवा उडदाचे सारण भरून ते वाफवतात आणि वर तूप ओतून देतात. ते जड असते, दुपारीच खावे.

प्रासाद मंगळवारी सकाळी पहिल्या फेरीला पाहावा. त्या वेळी गट लहान असतो, आणि बाबांना मार्गदर्शकाला प्रश्न विचारायला वाव मिळेल. मशोब्रा बुधवारी ठेवावे आणि गुरुवारी सकाळी मोटारीने उतरावे. चंडीगडहून संध्याकाळचे विमान घ्यावे, दुपारचे घेऊ नये, कारण परवाणू ते शिमला रस्त्यावर कुठे ना कुठे काम चाललेले असतेच.